केमो संपल्यानंतरची ओपीडी: हाडाचा कॅन्सर झालेल्या मुलांच्या पालकांसाठी रिव्ह्यू (५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगते, हा हॉस्पिटलचा रिव्ह्यू नाही. केमो, ऑपरेशन, रेडिएशन सगळं उरकल्यावर दोनेक वर्षांनी मुलांना ज्या वेगळ्या ओपीडीत पाठवतात त्या एका ओपीडीचा आहे. पुण्यातलं ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल आहे. नाव टाकत नाही कारण खाली थोडी कुरकुर पण केलीये आणि तिथं काम करणारी माणसं मोजकीच आहेत, उगाच कुणाला बोलणी बसायला नकोत. पण अशी सोय आता बऱ्याच मोठ्या ठिकाणी असते, कुठे सर्व्हायव्हर क्लिनिक म्हणतात कुठे लेट इफेक्ट्स क्लिनिक. परळच्या टाटाला तर १९९१ पासून आहे, तिथे अ‍ॅक्ट क्लिनिक म्हणतात. म्हणजे आपल्याकडे हे काही काल-परवा आलेलं नाही, तरी आमच्या कराड-पाटणकडच्या निम्म्या पालकांना असं काही असतं हेच माहीत नसतं. शेवटची केमो झाली, नारळ फोडला, वॉर्डात पेढे वाटले, संपला विषय.

आमची केस थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं कळेल. मुलगा पाचवीत असताना उजव्या मांडीच्या हाडात युइंग सार्कोमा निघाला. केमोच्या एका सायकलला (फेरीला) व्हिनक्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड, पुढच्या सायकलला आयफॉस्फमाइड आणि एटोपोसाइड, असं आलटून पालटून, मधे ऑपरेशन करून हाडाचा तुकडा काढला आणि आत धातूचा सांधा बसवला. आता साहेब अकरावीला आहेत, थोडे लंगडतात पण बुलेटवर बसायची स्वप्नं बघतात. हाडाचा आणखी एक कॉमन कॅन्सर म्हणजे ऑस्टिओसार्कोमा, त्याची औषधं थोडी वेगळी, सिस्प्लॅटिन-डॉक्सोरुबिसिन वगैरे, पण या ओपीडीत दोन्हीची मुलं येतात आणि खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं दोघांनाही लागू आहे.

ओपीडी आठवड्यातून एकदाच, सकाळी. टोकन घ्यायचं, वजन-उंची-बीपी, मग सिस्टर तुमची पिशवी ओतून घेतात. अक्षरशः ओतून. आमची डिस्चार्ज कार्डं, केमोचे चार्ट, बिलं, सगळं एका साडीच्या पिशवीत होतं, त्यातून त्यांनी प्रत्येक सायकलचा डोस शोधून कॉम्प्युटरवर चढवला आणि शेवटी एका पानाची समरी हातात दिली. मी पतसंस्थेत क्लार्क आहे, मला ते पान बघून पासबुकच आठवलं: कुठल्या औषधाचा एकूण किती डोस शरीरात जमा झालाय, शरीराच्या पृष्ठभागाच्या स्क्वेअर मीटरच्या हिशोबाने, तारखेसकट. डॉक्सोरुबिसिन इतकं म्हणून हार्टचं टूडी एको इतक्या वर्षांनी, आयफॉस्फमाइड इतकं म्हणून किडनीसाठी क्रिएटिनिन, फॉस्फेट आणि लघवीची तपासणी, ज्यांना सिस्प्लॅटिन मिळालं त्यांच्या कानाची ऑडिओमेट्री. या एका पानासाठीच मी तीन स्टार देऊन मोकळी झाले असते. कारण एवढ्या वर्षांत गावातल्या कुठल्याही डॉक्टरने "काय औषधं दिली होती?" विचारलं की आम्ही "केमो दिली होती" एवढंच सांगायचो आणि तेही मान डोलवायचे.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहायला बसले.

आमच्या वॉर्डात सोलापूरकडची एक मुलगी होती, तिलाही युइंगच होता, आमच्या पोराच्या दोन-चार महिने पुढे होती ट्रीटमेंटला. सगळं नीट झालं, केस आले, शाळेत गेली, आणि साधारण दीड वर्षाने हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अंगावर काळे-निळे डाग. तिथल्या डॉक्टरांनी आधी टॉनिक दिलं. मग रक्त तपासलं तर ब्लड कॅन्सर, त्यातला एएमएल नावाचा प्रकार. तिची आई फोनवर मला म्हणाली, "ताई, परत आला गं." आम्ही सगळ्यांनी तसंच धरलं की जुना कॅन्सर रक्तात पसरला. तो जुना नव्हताच. हा वेगळा, नवीन, आणि पहिल्याला मारायला जी औषधं दिली त्यांच्यामुळे आलेला. याला सेकंडरी ल्युकेमिया म्हणतात हे मला या ओपीडीत बसल्यावर कळलं. (मुलगी घरी आहे. भावाचा बोन मॅरो (हाडातला मगज, जिथे रक्त तयार होतं) जुळला, ट्रान्सप्लांट झालं. सगळ्यांचं असं होत नाही, हा ल्युकेमिया साध्या एएमएलपेक्षा हट्टी असतो आणि बहुतेकांना ट्रान्सप्लांटच्याच दारात जावं लागतं, हेही या ओपीडीतल्या डॉक्टर मॅडमनी न लपवता सांगितलं.)

तर मी मॅडमना सरळच विचारलं, आमच्या पोराला होणार का. बऱ्याच डॉक्टरांना असं विचारलं की "पॉझिटिव्ह राहा आई" म्हणून फाइल बंद करतात. या बाईंनी खुर्ची पुढे ओढली, प्रिस्क्रिप्शनचं एक पान उलटं केलं आणि चित्रच काढलं.

चित्र असं. पेशी दोन होताना आतला डीएनएचा धागा पिळवटतो, मग एक एन्झाइम तो धागा कापतं, पीळ सोडवतं आणि पुन्हा जोडतं. एटोपोसाइड काय करतं, कापलेली टोकं जोडूच देत नाही. कॅन्सरची पेशी त्यानेच मरते. पण हाडाच्या आतल्या मॅरोमधल्या चांगल्या पेशींनाही तोच मार बसतो आणि लाखात एखाद्या पेशीत टोकं जोडली जातात खरी पण चुकीच्या ठिकाणी, भलत्याच क्रोमोसोमला, म्हणजे डीएनएच्या दुसऱ्याच गुंडाळीला. अकराव्या क्रोमोसोमवरचं एक जीन या भानगडीत फार वेळा सापडतं. असा ल्युकेमिया लवकर येतो, औषधानंतर साधारण एक ते तीन वर्षांत, आणि फारशी आधी सूचना न देता. डॉक्सोरुबिसिनही त्याच एन्झाइमच्या मागे लागणारं औषध, म्हणून ते पण या यादीत.

दुसरा प्रकार सायक्लोफॉस्फमाइड-आयफॉस्फमाइडवाला. ही औषधं डीएनएला जाऊन चिकटतात आणि दोन धागे एकमेकांत अडकवतात. यातून होणारं नुकसान सावकाश वर येतं, पाच-सात वर्षांनी, पाचव्या किंवा सातव्या क्रोमोसोमचा तुकडाच गायब झालेला असतो, आणि आधी बरेच महिने मॅरो नुसता आळशी झाल्यासारखा वागतो, रक्तपेशींचे काउंट हळूहळू घसरतात. त्याला एमडीएस म्हणतात. रेडिएशनचाही यात थोडा हात असतो, पण रेडिएशनची मोठी भीती म्हणजे ज्या जागी दिलं तिथेच दहा-दहा वर्षांनी होणारी नवी गाठ, तो विषय वेगळा.

मग आकडे. आकडे ऐकून मला खरं सांगते बरंच हलकं वाटलं, म्हणून इथं देते. अमेरिकेत १९८८ ते १९९२ मध्ये युइंगच्या मुलांवर एक मोठी ट्रायल झाली. एका गटाला जुनी चार औषधं, दुसऱ्या गटाला त्याच्यात आयफॉस्फमाइड आणि एटोपोसाइड वाढवून. ज्यांचा आजार पसरलेला नव्हता त्यांच्यात पाच वर्षांनी आजार न उलटलेली मुलं पहिल्या गटात ५४ टक्के, दुसऱ्यात ६९ टक्के. म्हणजे शंभरात पंधरा पोरं जास्त. नंतर त्याच मुलांमध्ये सेकंडरी ल्युकेमिया किती जणांना झाला ते मोजलं, त्याचा पेपर २००७ चा आहे. जुन्या औषधांवर पाच वर्षांत ०.४ टक्के, नवीन दोन वाढवल्यावर ०.९ टक्के. म्हणजे हजारात चार विरुद्ध हजारात नऊ. एकीकडे शंभरात पंधरा जणांचा आजार उलटायचा वाचतो आणि दुसरीकडे हजारात पाच वाढतात. मॅडम म्हणाल्या, "आई, तुम्ही बँकेत आहात ना, तुम्हीच सांगा कुठला व्यवहार घ्याल." (पतसंस्था मॅडम, बँक नाही. पण मुद्दा पोचला.)

तिसरा गटही होता त्यात, आणि तो ऐकून अंगावर काटा आला. ज्यांचा आजार आधीच पसरला होता अशा काही मुलांना डोस खूप वाढवून दिले होते, सायक्लोफॉस्फमाइड स्क्वेअर मीटरला ९.६ ग्रॅमवरून १७.६ ग्रॅम, आयफॉस्फमाइड ९० वरून १४० ग्रॅम, डॉक्सोरुबिसिन ३७५ वरून ४५० मिलिग्रॅम. त्या गटात पाच वर्षांत ल्युकेमिया ११ टक्के. आणि एवढं करून मूळ आजारावर काही जास्त फायदा झालाच नाही. मिळून ५७८ मुलं होती, त्यातल्या ११ जणांना हा दुसरा आजार झाला. म्हणून ते एका पानाचं डोस कार्ड किती महत्त्वाचं आहे बघा, तुमचं पोरगं साधारण कुठल्या गटाच्या जवळ जातं हे त्या बेरजेवरून कळतं, "केमो दिली होती" यावरून काही कळत नाही.

मला हे आधी कुणी का सांगितलं नाही याचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. केमोच्या कन्सेंट फॉर्मवर असेल लिहिलेलं कुठेतरी, इंग्लिशमध्ये, बारीक अक्षरात. पण ज्या दिवशी त्या फॉर्मवर सही केली त्या दिवशी मला आमच्या हिशेबाच्या वहीतली बेरीज पण वाचता आली नसती.

पुढे काय करायचं विचारलं तर मला वाटलं आता दरवर्षी बोन मॅरो, पेट स्कॅन, दहा हजारांच्या टेस्ट सांगतील. सोबतच्या एका वडिलांनी तर हट्टच धरला होता मॅरो करून टाका म्हणून. मॅडमनी साफ नाही सांगितलं. लक्षण नाही, काउंट नीट आहेत, तर मॅरोत सुई घालून काही मिळत नाही, पोराला त्रास तेवढा. त्यांचं म्हणणं असं की वर्षातून एकदा नीट विचारायचं आणि नीट बघायचं: दम लागतो का, विनाकारण थकतो का, घोळणा फुटतो का, ब्रश करताना रक्त येतं का, न लागता निळे डाग पडतात का, पायावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत का, फिकट दिसतोय का. हे औषधं संपल्यापासून दहा वर्षं. सोबत इथं वर्षातून एकदा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करतात, आणि नुसता मशीनचा कागद घेत नाहीत, स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) माणसाने डोळ्याने बघितलेला हवा असा आग्रह. एवढंच. सीबीसी स्मिअरसकट तीन-चारशे रुपयांत होतं, कराडला करून आणलं तरी चालतं. एवढ्या मोठ्या भीतीवरचा पहारा इतका स्वस्त असेल असं वाटलं नव्हतं.

आता कापलेला स्टार. हा मुद्दा जरा नीट वाचा.

ही ओपीडी ट्रीटमेंट संपून दोन वर्षं झाल्याशिवाय घेत नाही. आणि एटोपोसाइडवाला ल्युकेमिया येतो कधी, तर एक ते तीन वर्षांत. म्हणजे पहारेकरी ड्यूटीवर येईपर्यंत निम्मी रात्र उलटून गेलेली. हे मी मॅडमच्या तोंडावर बोलले. त्या रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या की बरोबर आहे तुमचं, पण हा नियम आमच्या मनाचा नाही. अमेरिकेच्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपची एक मार्गदर्शक पुस्तिका आहे, पहिली २००३ मध्ये आली, आता सहावी आवृत्ती चालू आहे ऑक्टोबर २०२३ ची, नेटवर फुकट आहे, तीसुद्धा दोन वर्षांनंतरच्या फॉलोअपसाठीच लिहिलीये. पहिली दोन वर्षं जुना कॅन्सर उलटायची भीती सगळ्यात जास्त असते म्हणून तोवर मूळ डॉक्टरच बघतात.

पटलं मला. पण त्या दोन वर्षांत आमचं काय व्हायचं ते सांगते. दर तीन महिन्यांनी पुण्याला यायचं, पायाचा एक्सरे, छातीचा एक्सरे नाहीतर सीटी, हाडाचे डॉक्टर गुडघा वाकवून बघायचे, "छान आहे, या पुढच्या वेळी." सगळ्यांचं लक्ष फुफ्फुसावर आणि पायावर, कारण हा आजार उलटला तर तिथेच उलटतो. सीबीसी कधी लिहिलं जायचं, कधी नाही, आणि लिहिलं तरी तो कागद कुणी माझ्यासमोर वाचलेला मला आठवत नाही. सोलापूरच्या मुलीचं जे झालं ते याच दोन वर्षांच्या पोटात झालं. तिच्या आईला जर शेवटच्या केमोच्या दिवशी एक कागद मिळाला असता, मराठीत, चार ओळी, की हे-हे दिसलं तर टॉनिक घेत बसू नका आधी सीबीसी आणि स्मिअर करा आणि डॉक्टरांना एटोपोसाइड दिलं होतं असं सांगा, तर काही आठवडे तरी वाचले असते. तेवढ्याने सगळं बदललं असतं असं म्हणत नाही मी. पण कागदाला खर्च किती येतो?

तर डोस कार्ड आणि हा कागद, दोन्ही दोन वर्षांनी इथं देण्याऐवजी शेवटच्या केमोच्या डिस्चार्जसोबत वॉर्डातच द्या, ही माझी सूचना आहे. तक्रार वहीत पण लिहून आलेय.

फोन सेवेबद्दल. कार्डावर एक नंबर असतो, ऑफिस टाइममध्ये को-ऑर्डिनेटर ताई उचलतात. मी तो खरोखर वापरलाय. मागच्या पावसाळ्यात, गणपती नुकतेच बसले होते, पोराला ताप चढला, अंग ठणकतंय, आणि सीबीसीत प्लेटलेट ६८ हजार. ज्या आईने मी वर लिहिलंय ते सगळं ऐकलंय तिचं अशा वेळी काय होत असेल ते लिहायची गरज नाही. घरात सासूबाई पपईच्या पानांचा रस काढतायत, शेजारच्या काकू किवी घेऊन आल्या, आणि मी मोरीत जाऊन फोन लावतेय. ताईंनी दोनच गोष्टी विचारल्या: हिमोग्लोबिन किती, आणि स्मिअरवर काय लिहिलंय. रिपोर्टचा फोटो मागवला, डॉक्टरांना दाखवला, अर्ध्या तासात उलटा फोन. "स्मिअरवर खराब पेशी नाहीत, तुमच्याकडे डेंग्यू चालू आहे, आधी एनएस-वन करा, तिथल्याच डॉक्टरांकडे दाखवा, पाणी भरपूर, ब्रुफेन-अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. ताप उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सीबीसी परत करून मला पाठवा, नॉर्मलला आले नाहीत तर मग इकडे या." डेंग्यूच निघाला. नंतरचे काउंट छान आले. पण मला आवडलं ते असं की त्यांनी "डेंग्यू असेल, सोडून द्या" असंही म्हटलं नाही आणि "ताबडतोब पुण्याला या" असंही नाही. परत तपासा हे सांगितलं आणि स्वतः लक्षात ठेवून विचारलंसुद्धा. रविवारी मात्र फोन कुणी उचलत नाही, कार्डावर तसं स्पष्ट लिहायला हवं.

असाच एक किस्सा एमसीव्हीचा. एका वर्षी सीबीसीत एमसीव्ही वाढलेला आला, म्हणजे लाल पेशी आकाराने मोठ्या. मी गूगल केलं, एमडीएसमध्ये असंच असतं असं वाचलं, आणि झोप उडाली. मॅडमनी आधी विचारलं, "घरात शाकाहारी का?" हो, माळकरी घर आहे आमचं. बी-ट्वेल्व्ह तपासलं, अगदी तळाला. इंजेक्शनं झाली, पुढच्या रिपोर्टला एमसीव्ही जागेवर. त्या म्हणाल्या, आपल्याकडे हे इतकं कॉमन आहे की आधी बी-ट्वेल्व्ह बघायचं, त्याने सुधारलं नाही तर मग पुढचं. गावच्या डॉक्टरांनी यातलं अर्धंच केलं असतं, एकतर घाबरवलं असतं नाहीतर दुर्लक्ष केलं असतं.

आणखी एक गोष्ट जी मला आधी आगाऊपणा वाटली. पहिल्याच भेटीत त्या घराण्याची झाडासारखी आकृती काढतात, तुमच्या आईकडे कुणाला, सासरकडे कुणाला, कितव्या वर्षी, कसला कॅन्सर. माझ्या नवऱ्याला वाटलं आता दोष कुणाच्या घरावर ढकलायचाय. कारण नंतर कळलं. टीपी-५३ नावाचं एक जीन काही घरांत जन्मापासूनच बिघडलेलं असतं, ली-फ्रॉमेनी सिंड्रोम म्हणतात, तशा घरात कमी वयात ब्रेस्ट कॅन्सर, मेंदूच्या गाठी, मुलांना ऑस्टिओसार्कोमा असं एकामागे एक निघतं आणि अशा मुलांना दुसऱ्या कॅन्सरचा धोका मुळातच जास्त, केमोचा दोष त्यावर आणखी. ज्यांच्या झाडात असं दिसतं त्यांना जेनेटिक टेस्ट आणि काउन्सेलिंगला पाठवतात. आमच्यात तसं काही नव्हतं. बायांनो, ही माहिती देताना लपवू नका, नणंदेची गाठ होती का नव्हती ते तिला विचारूनच जा.

पोराशी कसं बोलतात हा माझ्यासाठी मोठा प्रश्न होता. त्याला ल्युकेमियाचं सांगायचं नाही असं आम्ही घरी ठरवून गेलो होतो. मॅडमनी आम्हाला बाहेर बसवलं आणि त्याच्याशी एकट्याशी बोलल्या. मी बाहेर धुसफुसत होते. बाहेर आला तर म्हणतो, "मला माहीत होतं, मी कधीच वाचलंय, तुम्ही टेन्शन घ्याल म्हणून बोललो नाही." घ्या! तेव्हापासून लाल ठिपक्यांची तपासणी तो स्वतःच करतो, आंघोळीनंतर, आणि सिगारेटचा विषय पण त्यांनी त्याच्याशीच काढला, आम्ही काढला असता तर दार आपटून गेला असता. अठरा पूर्ण झाल्यावर मोठ्यांच्या ओपीडीत पाठवणार आहेत, तिथं कोण बघणार हे अजून कुणाला नीट सांगता येत नाहीये. तेवढं त्यांनी आत्तापासून ठरवावं, कारण दहा वर्षांचा पहारा म्हणायचा आणि मधेच पहारेकरी बदलायचा तर निदान नाव तरी कळू दे.

बारीकसारीक. वेटिंग भरपूर, नंबर आठला लावा नाहीतर दुपार होते, टूडी एको त्याच दिवशी मिळेलच असं नाही म्हणून आधी फोन करून अपॉइंटमेंट घ्या. ट्रस्टच्या दराने एको स्वस्तात होतो पण त्यासाठी सोशल वर्करकडे उत्पन्नाचा दाखला लागतो. बसायची जागा लहान मुलांच्या ओपीडीसोबत शेअर आहे, त्यामुळे आत्ता केमो चालू असलेली टक्कल पडलेली पोरं समोर असतात आणि आमच्यासारख्यांना सगळं पुन्हा आठवतं, पण खरं सांगू का, त्यांच्या आया आमच्या पोराकडे ज्या नजरेने बघतात ना, त्यासाठी मला ती गर्दी चालते. कॅन्टीनचा चहा भयानक. बाहेर गेटसमोरच्या टपरीवर पोहे चांगले मिळतात.

माहितीपत्रकं सगळी इंग्लिश, ही दुसरी मोठी उणीव. मॅडम तोंडी मराठीत इतकं सुंदर सांगतात, तेच टाइप करून द्यायला काय हरकत आहे कळत नाही. मी टाइप करून देते म्हणालेय, बघू.

लांबून येणाऱ्यांसाठी: रेल्वेची कॅन्सर पेशंटची सवलत फक्त ट्रीटमेंटपुरती असते असं बऱ्याच जणांना वाटतं, चेकअपला जातानाही मिळते. स्लीपरला पेशंटचं तिकीट माफ आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट, फक्त हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो, तो इथले सोशल वर्कर लगेच देतात. एसटीने आलात तर बायकांना अर्धं तिकीट आहेच.

पहिल्या भेटीला जाताना सगळी डिस्चार्ज कार्डं, केमोचे चार्ट, ऑपरेशननंतरचा बायॉप्सी रिपोर्ट आणि रेडिएशन झालं असेल तर त्याचा डोस लिहिलेला कागद न्या, झेरॉक्सचे दोन सेट, कारण एक ते ठेवून घेतात. चार्ट हरवले असतील तर मूळ हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमला लेखी अर्ज द्या आणि ट्रीटमेंट संपून दोन वर्षं व्हायची वाट बघत बसू नका, अर्ज आजच टाका. आणि ज्यांच्या पोराची शेवटची सायकल आत्ता चालू आहे त्यांनी डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा, एटोपोसाइड आणि बाकीच्या औषधांचा एकूण डोस किती झाला, आणि पुढची दोन वर्षं सीबीसी कोण बघणार. उत्तर कार्डावर लिहून घ्या.